विषाणूच्या प्रकारावर खापर फोडू नका : अमेरिकेतील मराठी डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेत प्राथमिक आरोग्यसेवा, स्त्रीरोग, पॅथॉलॉजी आणि रेडिएशन या शाखांत काम करणारे मराठी डॉक्टर

विषय : कृष्णवर्णीय स्त्रियांमधील गर्भाशयमुखाचा कर्करोग

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे दोन डॉक्टर उभे होते. दोघेही आपल्या मंडळातले, हुशार, सज्जन आणि रुग्णांमध्ये प्रिय असलेले, म्हणूनच त्यांचे बोलणे मला इतके दिवस विसरता आले नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्ण अगदी पुढच्या टप्प्यात रुग्णालयात येतात त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया फार असतात, असे एकाने सांगितले आणि पुढे तो सहज म्हणाला, "त्यांच्यात व्हायरसच वेगळा असतो ना, आपली लस तिथे चालत नाही." दुसऱ्याने मान डोलावली आणि बोलणे मुलांच्या कॉलेजच्या फीकडे वळले. मी काहीच बोलले नाही. पुढे सरकून पानात कोशिंबीर वाढून घेतली. त्या वेळी जे बोलायला हवे होते ते या पत्रात लिहीत आहे. ते वाक्य मराठीत उच्चारले गेले होते, म्हणून उत्तरही मराठीत देत आहे.

माझी ओळख एवढीच की जॉर्जिया राज्यातील एका प्रयोगशाळेत मी २६ वर्षे सायटोटेक्नॉलॉजिस्ट होते. पॅप टेस्टच्या (गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशींच्या तपासणीच्या) काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, संशयास्पद पेशींवर खूण करणे आणि ती काच पॅथॉलॉजिस्टकडे पाठवणे, असे ते काम. मी डॉक्टर नाही आणि संशोधकही नाही. परंतु ज्या स्त्रियांची चर्चा रांगेत चालली होती त्यांच्या हजारो काचा माझ्या डोळ्यांखालून गेल्या आहेत आणि त्यांतील काहींच्या पुढच्या बायोप्सीही मी पाहिल्या आहेत. तेवढ्या अधिकारावर लिहीत आहे.

प्रथम, त्या वाक्यात खरे किती आहे ते सांगते, कारण ते संपूर्ण खोटे असते तर मी पत्र लिहिण्याच्या फंदात पडले नसते. हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि रांगेतल्या बोलण्यातली लस त्याच्याविरुद्धचीच. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांपैकी १२ प्रकार माणसात कर्करोग घडवतात हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केलेले आहे. त्यांत १६ आणि १८ हे दोन क्रमांक सर्वांत घातक असून जगातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक कर्करोग या दोघांमुळे होतात. मात्र सगळीकडे प्रकारांची सरमिसळ सारखी नसते. ३५ क्रमांकाचा प्रकार आफ्रिकेत आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत इतरांपेक्षा ठळकपणे अधिक आढळतो. नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वी असे दाखवले की गर्भाशयमुखाच्या पेशींतील सुरुवातीच्या बदलांमध्ये गोऱ्या स्त्रियांत १६ आणि १८ हे प्रकार अधिक सापडतात, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत ३३, ३५, ५८ आणि ६८ हे प्रकार पुढे असतात. हा अभ्यास तेव्हा वर्तमानपत्रांतही गाजला होता आणि माझा अंदाज असा आहे की रांगेतल्या त्या वाक्याचे मूळ तिथेच आहे.

पण त्या अभ्यासाच्या वेळी अमेरिकेत मिळणाऱ्या लशींमध्ये कर्करोग घडवणारे १६ आणि १८ एवढे दोनच प्रकार होते, हे कोणी लक्षात ठेवत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये नऊ प्रकारांची लस मंजूर झाली आणि तिच्यात ३१, ३३, ४५, ५२ व ५८ यांची भर पडली. २०१६ संपेपर्यंत जुन्या लशी अमेरिकेच्या बाजारातून गेल्या. म्हणजे आज जी कृष्णवर्णीय मुलगी बालरोगतज्ज्ञाकडे लस घेते तिला ३३ आणि ५८ यांच्यापासूनही संरक्षण मिळते. ड्यूकच्या यादीतले ३५ आणि ६८ तेवढे बाहेर राहतात. हे दोन बाहेर राहिले याचे मला वाईट वाटते, आणि पुढच्या पिढीच्या लशीत ३५ असलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे, कारण लशीत कोणते प्रकार घालायचे हे ठरवताना आफ्रिकेतील स्त्रियांचे आकडे पुरेशा वजनाने मोजले गेले असते तर तो आजही बाहेर नसता. तरीही प्रत्यक्ष पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी तपासल्या असता त्यांत सर्वांत मोठा वाटा १६ आणि १८ यांचाच निघतो, आफ्रिकेत आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांतसुद्धा. सुरुवातीच्या सौम्य बदलांमध्ये जे प्रकार गर्दी करतात तेच पुढे कर्करोगापर्यंत पोचतात असे नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लस 'तिथे' चालते का, याचे उत्तर केनियाने दिलेले आहे. तिथे १५ ते २० वर्षे वयाच्या २,२७५ तरुणींवर झालेल्या चाचणीत लशीच्या केवळ एका डोसाने १६ आणि १८ यांचा चिवट संसर्ग १८ महिन्यांपर्यंत ९७.५ टक्के रोखला, असे २०२२ साली जाहीर झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पुरेसा मानायला सुरुवात केली. असे असताना लस चालत नाही असे एखादा डॉक्टर मित्रांमध्ये बोलत असेल, तर तो क्लिनिकमध्ये त्या मुलीच्या आईशी लशीचा विषय किती जीव ओतून काढेल, ही माझी शंका आहे. रांगेतल्या गप्पांचा परिणाम रांगेपुरता राहत नाही.

हेन्रिएटा लॅक्स या बाईंची आठवण इथे अपरिहार्य आहे. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी त्या दाखल झाल्या. त्यांच्या गाठीतील पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या, रेडियमने उपचार झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वयाच्या ३१व्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या पेशी मात्र मेल्या नाहीत. हेला या नावाने त्या जगभर पोचल्या. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून देशभरातील प्रयोगशाळांना ज्या पेशी पुरवल्या जातात त्यांतही त्या आहेत, आणि तुमच्यापैकी अनेकांनी मुंबई-पुण्यात शिकताना त्या हाताळल्या असतील. पुढे १९८०च्या दशकात जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १६ आणि १८ हे प्रकार वेगळे केले तेव्हा हेला पेशींत १८ क्रमांकाचा विषाणू सापडला. त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. आता पाहा, जगातील सर्वांत प्रसिद्ध कृष्णवर्णीय रुग्णाचा बळी ज्या प्रकाराने घेतला तो प्रकार २००६ पासून आलेल्या प्रत्येक एचपीव्ही लशीत आहे. 'त्यांचा' व्हायरस म्हणून वेगळा काढलेला असा काही व्हायरस इथे नाही. आणखी एक बारकावा सायटोलॉजीच्या माणसाला बोचतो : लॅक्सबाईंची गाठ आधी साध्या पृष्ठभागी पेशींची समजली गेली आणि दोन दशकांनी जुन्या काचा पुन्हा पाहिल्यावर ती ग्रंथीपेशींची होती असे ठरले. ग्रंथीपेशींचे कर्करोग, ज्यांत १८चा वाटा मोठा असतो, पॅप टेस्टला अनेकदा चकवा देतात. ते आत, वरच्या बाजूला वाढतात आणि ब्रशला सहज लागत नाहीत.

आता जगण्याच्या प्रश्नाकडे येते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांप्रमाणे निदानानंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांत सुमारे ६७ टक्के आहे, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत ते साठीच्याही खाली उतरते. हा फरक विषाणूचा प्रकार घडवतो का? प्रकारानुसार गाठीचे वागणे काही अंशी बदलते असे दाखवणारे अभ्यास आहेत, आणि त्यांपैकी काहींत १८ व ४५ ज्या कुळातले आहेत त्या कुळाच्या गाठी रेडिएशनला तितक्याशा दाद देत नाहीत असे दिसले आहे. पण ३५ हा त्या कुळातला नाही. तो १६, ३१ आणि ३३ यांचा चुलतभाऊ आहे. ज्या प्रकाराकडे बोट दाखवले जाते त्याच्या कुळावरून तरी त्याची गाठ अधिक हट्टी असेल असे म्हणायला आधार नाही.

याउलट, समान उपचार मिळाले तर काय होते हे पाहण्याची एक संधी अमेरिकेला तिच्या लष्करी रुग्णालयांनी दिली. सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांना तिथे विमा कोणता, हप्ता किती, असले प्रश्न येत नाहीत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रुग्णालयांतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या रुग्णांच्या जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. विषाणू तेच, वंश तेच, फक्त दवाखान्याचे दार सगळ्यांना सारखे उघडे होते. प्रामाणिकपणे हेही सांगते की इतर काही अभ्यासांत कर्करोगाचा टप्पा आणि उपचार जमेस धरूनही थोडा फरक उरतो, आणि त्याचे कारण शोधणे संशोधकांचे काम आहे. पण उरलेल्या चिमूटभर फरकाने आधीचा ढीग झाकायचा, हे मला मान्य नाही.

ढीग किती मोठा आहे हेही बराच काळ आपल्याला कळलेले नव्हते. ज्या स्त्रीची गर्भपिशवी गर्भाशयमुखासह काढलेली असते तिला हा कर्करोग होऊच शकत नाही, तरी मृत्युदर काढताना छेदात तिचीही गणती होत आली. कृष्णवर्णीय स्त्रियांत फायब्रॉइडच्या गाठी अधिक, म्हणून पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियाही अधिक, आणि म्हणून त्यांच्या बाबतीत छेद अधिक फुगलेला आणि दर अधिक दबलेला. २०१७ साली संशोधकांनी पिशवी काढलेल्या स्त्रिया वगळून पुन्हा हिशेब केला. गोऱ्या स्त्रियांचा मृत्युदर लाखामागे ३.२ वरून ४.७ झाला आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा ५.७ वरून १०.१. दोन्ही गटांतली दरी आपण समजत होतो त्यापेक्षा बरीच रुंद निघाली. वयाची पंच्याऐंशी उलटलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत तर हा दर लाखामागे ३७.२ इतका आला. तपासणी ६५व्या वर्षी थांबवावी असा जो सर्वसाधारण शिरस्ता आहे तो डोळे झाकून पाळणाऱ्यांनी या आकड्यापाशी थोडे थांबावे. तो शिरस्ता बिनशर्त नाही. आधीच्या दहा वर्षांत ठरावीक संख्येने निर्दोष तपासण्या झालेल्या असतील तरच ती स्त्री थांबू शकते. ६८ वर्षांच्या बाईची जुनी कागदपत्रे हाती नसतील तर तिला 'आता गरज नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया तपासणीला जात नाहीत असे नाही. सरकारी पाहण्यांत त्यांचे पॅप टेस्टचे प्रमाण अनेक वर्षे गोऱ्या स्त्रियांच्या बरोबरीचे राहिले आहे. बाई आली, तिने पाय स्टिरपमध्ये ठेवले, नमुना दिला, आणि घरी गेली. तिच्या बाजूने जे करायचे ते तिने केले. तुटते ते पुढे.

आणि इथेच विषाणूच्या प्रकाराचा खरा संबंध येतो, जो रांगेतल्या डॉक्टरांच्या बोलण्यात कुठेच नव्हता. एचपीव्हीची चाचणी ३५ला चुकवत नाही. सध्याच्या बहुतेक चाचण्या १४ प्रकार शोधतात आणि त्यांत ३५ आणि ६८ दोन्ही आहेत. पण अनेक प्रयोगशाळांचा रिपोर्ट १६ वेगळा, १८ वेगळा आणि बाकी १२ प्रकार एकत्र असा येतो. १६ किंवा १८ निघाला तर पेशी निर्दोष दिसल्या तरी बाईला थेट कोल्पोस्कोपीला (भिंगातून गर्भाशयमुख तपासायला) पाठवतात. 'इतर उच्च धोक्याचे प्रकार' निघाले आणि पेशी निर्दोष दिसल्या, तर तिला वर्षभराने पुन्हा बोलावतात. धोक्याच्या गणिताप्रमाणे हा नियम चुकीचा नाही, कारण १६ खरोखरच इतरांपेक्षा फार वेगाने पुढे जातो. मात्र या नियमात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे वर्षभराने तिला कोणीतरी बोलावील, ती त्याच पत्त्यावर असेल, तिचा विमा चालू असेल, आणि कामावरून अर्धा दिवस सुट्टी मागितल्याने तिचा पगार कापला जाणार नाही. ज्या समाजात १६ व १८ शिवायचे प्रकार अधिक, त्या समाजातील स्त्रिया 'वर्षभराने या' या रांगेत अधिक संख्येने उभ्या राहतात. आणि नेमक्या त्याच समाजात ही रांग मध्येच तुटण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. प्रकार तिला मारत नाही. प्रकार तिला कोणत्या रांगेत उभे करायचे ते ठरवतो, आणि त्या रांगेकडे कोणाचे लक्ष नसते.

एक काच मला अजून आठवते. उच्च दर्जाचे बदल, गडद, वेडीवाकडी केंद्रके, कोणाला चुकूनही शंका राहू नये इतकी स्पष्ट. रिपोर्ट गेला. तीन वर्षांनी त्याच बाईची बायोप्सी आली आणि तिच्यात पसरलेला कर्करोग होता. कर्करोग निघाला की आधीच्या काचा काढून पुन्हा पाहण्याचा आमच्याकडे नियम असतो, म्हणून माझी ती काच माझ्याच टेबलावर परत आली. सोबतच्या कागदावर मधल्या तीन वर्षांसाठी एवढेच लिहिले होते : 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे पाठपुराव्यात हरवलेली. चौकशी केल्यावर कळले की क्लिनिकने एक पत्र पाठवले होते, ते जुन्या पत्त्यावर गेले आणि परत आले, आणि परत आलेले पत्र फाइलला नीट जोडून ठेवले होते. हरवली होती ती बाई नव्हती. ती तिथून तीस मैलांवर एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती. 'लॉस्ट टू फॉलोअप' या शब्दांचा मला तेव्हापासून राग आहे. त्यात हरवण्याची क्रिया रुग्णाच्या नावावर टाकलेली असते.

ज्या बायका कोल्पोस्कोपीपर्यंत पोचतात त्यांच्यापुढे अंतर उभे राहते. जॉर्जियात १५९ काउंटी आहेत आणि जवळपास निम्म्यांत एकही स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. राज्याने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, पूर्ण विस्तार स्वीकारलेला नाही. अलाबामा आणि मिसिसिपी यांची स्थितीही तीच, आणि दक्षिणेतल्या याच पट्ट्यात कृष्णवर्णीय वस्ती दाट आहे. अलाबामाने मात्र २०२३ साली गर्भाशयमुखाचा कर्करोग राज्यातून हद्दपार करण्याचा आराखडा जाहीर केला, अमेरिकेतील पहिलाच. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

रेडिएशनच्या डॉक्टरांशी मला वेगळे बोलायचे आहे. पुढच्या टप्प्यातील कर्करोगात बाहेरून रेडिएशन, सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध आणि शेवटी आतून रेडिएशन म्हणजे ब्रॅकीथेरपी, आणि हे सारे सुमारे आठ आठवड्यांत पूर्ण, असा मानक उपचार आहे. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन द्यावे ही सूचना अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९९ साली दिली, म्हणजे यात नवे किंवा वादग्रस्त असे काही नाही. तरीही देशपातळीवरील नोंदींचे विश्लेषण पुन्हा पुन्हा असे दाखवते की कृष्णवर्णीय स्त्रियांना ब्रॅकीथेरपी मिळण्याचे प्रमाण कमी आहे आणि ती न मिळालेल्या स्त्रिया कमी जगतात. लहान केंद्रांत ब्रॅकीथेरपीची सोय नसते, तिथे कधी बाहेरूनच जास्तीचा डोस देऊन वेळ मारून नेली जाते. तुमच्या केंद्रात सोय नसेल तर ते स्वच्छ सांगून, पुढच्या केंद्रात स्वतः फोन करून, तारीख आणि गाडीची व्यवस्था ठरवून मगच रुग्णाला पाठवा. ही दोन महिन्यांची मुदत असते. चिठ्ठी हातात देऊन सोडून दिलेली बाई तिच्यात पोचत नाही. रेडिएशनच्या आधी सहा आठवडे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दिल्यास पाच वर्षांनी ७२ ऐवजी ८० टक्के रुग्ण जिवंत असतात असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. ही दोन्ही औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. ती कोणाच्या वाट्याला आधी येतील हे आजवरच्या अनुभवावरून ओळखणे कठीण नाही, आणि म्हणूनच आताच लक्ष ठेवायला हवे.

आपल्या मातीतील एक दाखला देते, कारण तो खरोखरच या प्रश्नाशी जोडलेला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईच्या टाटा स्मारकाच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक अभ्यास झाला आणि २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींकडे विमा नव्हता, गाडी नव्हती, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण आरोग्यसेविका घरी गेली, निकाल घेऊन पुन्हा गेली, आणि उपचारासाठी घेऊनही आली. भारतात या कर्करोगात १६ आणि १८ यांचा एकत्रित वाटा ८० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे प्रकारांचा विचार केला तर आपल्या आया-बहिणी लशीच्या आणि चाचणीच्या दृष्टीने सर्वांत 'सोयीच्या' आहेत. तरीही २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे ८० हजार स्त्रिया या रोगाने गेल्या. त्या का गेल्या असे मंडळात विचारले तर आपण गरिबी, अंतर, लाज, सरकारी दवाखान्यांची दशा असे सगळे सांगतो. त्यांचा व्हायरसच वेगळा होता असे आपल्यापैकी कोणीही म्हणत नाही. मग अलाबामातील बाईसाठी आपण वेगळे कारण का शोधतो, हे मी स्वतःलाही विचारले आहे, आणि उत्तर फारसे भूषणावह नाही. आपल्या घरांत त्या समाजाबद्दल जे बोलले जाते ते तुम्हालाही ठाऊक आहे.

त्यामुळे माझ्या विनंत्या अगदी कारकुनी स्वरूपाच्या आहेत. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी आपल्या प्रयोगशाळेत विस्तारित जीनोटायपिंगची, म्हणजे विषाणूचे प्रकार वेगवेगळे ओळखण्याची, सोय करता येते का ते पाहावे. 'इतर बारा' या गाठोड्यातून ३५चा गट, ३३ व ५८, ३१, ५२ असे वेगळे निकाल देणाऱ्या चाचण्या आता उपलब्ध आहेत, आणि त्यामुळे कोणाला लवकर बोलवायचे हे अधिक नेमके ठरवता येते. रिपोर्टमध्ये रुग्णाला कळेल असे एक वाक्यही असावे. प्राथमिक सेवेतील डॉक्टरांनी मे २०२४ पासून मान्यता मिळालेली, स्वतः नमुना घेण्याची पद्धत आपल्या क्लिनिकमध्ये सुरू करावी. ज्या स्त्रियांना तपासणीच्या टेबलाची, परक्या हाताची किंवा पूर्वीच्या एखाद्या अनुभवाची भीती वाटते त्या बंद दाराआड स्वतः नमुना घेऊन देतील. घरी वापरायचे साधनही मे २०२५ मध्ये मंजूर झाले आहे. पण नमुना सोपा झाला म्हणून पुढचा रस्ता आपोआप सोपा होत नाही, हे मघाच्या काचेवरून तुमच्या लक्षात आले असेलच.

आणि एक काम ज्याला एका दुपारपेक्षा अधिक वेळ लागणार नाही. गेल्या दोन वर्षांत तुमच्या क्लिनिकमध्ये 'इतर उच्च धोक्याचे प्रकार : पॉझिटिव्ह' असा निकाल आलेल्या सर्व स्त्रियांची यादी संगणकावरून काढा. त्यांतील किती जणी वर्षभराने परत आल्या, ज्या आल्या नाहीत त्यांना शेवटचा फोन कधी गेला आणि तो नंबर अजून चालू आहे का, एवढे तीन रकाने भरा. नंबर बंद असेल तर आपत्कालीन संपर्क म्हणून दिलेला नंबर लावा. तो बहुधा बहिणीचा किंवा चर्चमधल्या मैत्रिणीचा असतो आणि तो लागतो. यादी पाहायला माणूस कमी पडत असेल तर मला कळवा. माझ्या दुपारी आता मोकळ्या असतात, आणि जुने रिपोर्ट वाचायची सवय अजून सुटलेली नाही.

आपली नम्र,
जॉर्जियातील एक निवृत्त सायटोटेक्नॉलॉजिस्ट